नजर आधी पोचू दे

बाय, तुझी नेमणूक गावाकडच्या रुग्णालयात झाली म्हणून घरात पेढे वाटले, तेव्हा मी गप्प बसले. आता पेढे संपलेत, जरा ऐक. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे, पुस्तकही ताजं आहे. पण मालवणच्या किनाऱ्यावर पेशंट सांभाळायचा तर एक गोष्ट आधी मनात घट्ट धर: मोठं रुग्णालय लांब आहे. इथे भागलं नाही तर ओरोस, तिथे भागलं नाही तर गोव्यातलं बांबोळी, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. रस्ता आपल्याला आखूड करता येत नाही, म्हणून आपल्याकडच्या सिस्टरची नजर तासभर आधी पोचायला हवी. खाली लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी.

ड्युटी घेताना

१. चार्ज टेबलापाशी बसून घेऊ नकोस, खाटेखाटेपाशी जाऊन घे — वहीत 'स्थिती ठीक' लिहून शाई वाळेपर्यंत पेशंटला घाम फुटलेला असू शकतो.

२. घरी निघालेल्या सिस्टरला न चुकता विचार, 'यातल्या कुणाची तुला धास्ती वाटते?' — आकडे वहीत राहतात, धास्ती मात्र तिच्याबरोबर एसटीत बसून निघून जाते.

३. इमर्जन्सी ट्रे स्वतः उघड: अ‍ॅड्रेनॅलिनची मुदत, लॅरिंगोस्कोपचा दिवा, अँबू बॅग, सक्शन — 'काल बघितलं होतं' या वाक्याने आजवर कुणाला श्वास दिलेला नाही.

४. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघ आणि त्याची चावी कुठे टांगलीय तेही बघ — सिलिंडर भरलेला आणि चावी गायब, हा खेळ नेमका रात्री दोन वाजता होतो.

५. आग विझवायचं नळकांडं कुठे आहे आणि मागचं दार उघडतं का, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेव — भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. जळका वास आला, दिवा लुकलुकला, प्लग गरम लागला, तर ते सकाळपर्यंत ठेवायचं काम नव्हे.

खाटेपाशी

६. यंत्र लावण्याआधी चेहरा बघ: रंग, घाम, ओठ, आणि तो तुझ्याकडे बघतोय का — वायर सुटते, पट्टा सैल होतो, आकडा चुकतो. लक्षात ठेव, 'डोळा आधी, डबा मागून.'

७. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, आणि मोजताना नाडी धरल्याचं नाटक कर — आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. बिघाड पुष्कळदा बीपीच्या आधी श्वासात दिसतो, आणि चार्टवर न मोजता लिहिला जाणारा आकडाही तोच: ओळीने सगळ्यांना वीस!

८. बाळाचं झबलं वर करून पोटाकडे बघत मोज: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, तितके भरले किंवा त्यापुढे गेले की डॉक्टरांना उठव — न्यूमोनिया खोकल्याच्या आवाजावर नाही, श्वासाच्या वेगावर पकडला जातो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत करून हेच मोजायला शिकवलं आणि बालमृत्यू खाली आणून दाखवले. तू तर डिग्रीवाली.

९. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट बघ: मेंदी, नेलपॉलिश, की थंडीने गार पडलेलं — लग्नसराईत निम्म्या वॉर्डाची मेंदी रंगलेली असते आणि यंत्र उगाच गोंधळतं. बोट चोळून गरम कर, दुसरं बोट लाव, मगच आकडा लिही.

१०. 'माका काय झाला नाय गो, गॅस झालो आसतलो' असं म्हणत छातीवर तळहात फिरवणाऱ्या माणसाला सोड्याचं पाणी नको, दहा मिनिटांत ईसीजी काढ — आपल्याकडे हार्ट अटॅक बहुतेकदा गॅसचंच नाव लावून येतो. बायका आणि डायबेटिसवाले तर छातीचं नावही काढत नाहीत, नुसतं 'जीव कासावीस' म्हणतात.

११. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिही, 'गरगरता', 'धाप लागता', 'पोटात ढवळता' — तू त्याचं पुस्तकी नाव लिहिलंस की पुढच्या सिस्टरला तुझं मत कळतं, त्याचं दुखणं नाही.

१२. ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. मघापर्यंत ओरडत होता आणि आता गप्प झाला, तो तुला दिसायला हवा — आराम पडून निजणं वेगळं आणि थकून गळणं वेगळं. जवळ जा, हाक मार, खांदा हलव.

१३. म्हातारा माणूस अचानक बरळायला लागला तर 'वय झालं' म्हणू नकोस, आधी शुगर बघ, मग ऑक्सिजन, मग लघवी तुंबलीय का — वय एका रात्रीत होत नाही.

१४. आई म्हणाली, 'आज पोर नेहमीसारखं नाही', तर तापमान नॉर्मल असलं तरी परत तपास — तू त्या बाळाला सकाळपासून ओळखतेस, ती जन्मापासून.

१५. लघवी किती झाली हे विचारू नकोस, मोज — 'झाली की थोडी' या उत्तरात चार थेंबही बसतात आणि अर्धा लिटरही.

औषध देताना

१६. 'तुम्हीच परब ना?' असं विचारू नकोस; 'पूर्ण नाव सांगा' म्हण आणि केसपेपरशी जुळव — आपल्या वॉर्डात एका वेळी तीन परब आणि दोन सावंत असतात, आणि घाबरलेला माणूस कशालाही होय म्हणतो. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर एक नाव आणि घरच्यांच्या तोंडी दुसरं असतं, तेही बघ.

१७. लेबल तीनदा वाच: उचलताना, भरताना, ठेवताना — 'जागेवरून औषध उचललं, जागच्या जागी फसलं.' कप्पा तोच असला तरी आतली अँप्युल कुणीतरी बदललेली असते.

१८. औषध भरताना कुणी हाक मारली तर 'दोन मिनिटं' म्हण, आणि मध्येच उठावं लागलं तर भरलेली सिरिंज टाकून नव्याने भर — नाव नसलेली सिरिंज बेवारस. तिच्यात काय आहे हे तुलाही शपथेवर सांगता येणार नाही.

१९. इन्सुलिनची बाटली ४० ची की १०० ची ते आधी वाच, मग सिरिंज उचल: ४० ला लाल टोपी, १०० ला केशरी — आपल्या देशात दोन्ही चालतात. एकीकडे चुकलं तर डोस अडीचपट होतो, दुसरीकडे चुकलं तर निम्म्याहून कमी. आणि सुई टोचण्याआधी ताट आलंय का बघ, 'जेवण येतंय' यावर विसंबू नकोस.

२०. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल साध्या पाण्याच्या अँप्युलशेजारी ठेवूच नकोस. ती सलाइनमध्ये नीट मिसळून, सावकाशच जायला हवी — थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं आणि चूक दुरुस्त करायला सवड मिळत नाही.

२१. फोनवर ऑर्डर आली की लिहून घे आणि डॉक्टरांनाच वाचून दाखव, आकडा फोडून: 'पंधरा, एक-पाच' — किनाऱ्यावर रेंज येते-जाते, पंधराचे पन्नास व्हायला एक वारा पुरतो.

२२. 'अ‍ॅलर्जी आहे का?' याला उत्तर 'नाही' असंच येतं. 'कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं?' असं विचार — तेव्हा मागच्या शिमग्याची हकिगत बाहेर पडते.

२३. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या औषधांची पिशवी खाटेवर रिकामी करून बघ — मुंबईची बीपीची गोळी आणि इथली बीपीची गोळी नावाने वेगळी, आत एकच, असं होतं आणि माणूस दोन्ही घेतो.

२४. एकच औषध घेणारे दोन-तीन पेशंट एकदम बिघडले तर बाटली फेकू नकोस, बॅच नंबर लिही आणि लगेच वर कळव — १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ पेशंट गेले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाला त्याची पाळंमुळं खणावी लागली. अशा वेळी रिकामी बाटलीसुद्धा साक्षीदार असते.

२५. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं खाटेपाशीच थांब — थंडी वाजणं, कंबर दुखणं, अंगावर गांधी उठणं हे तेव्हाच सुरू होतं. बाटली आणि नाव दोघींनी मिळून खाटेपाशी वाचायचं, टेबलापाशी नाही.

२६. ऑर्डर पटली नाही तर 'सर, हा डोस परत सांगता का?' एवढंच म्हण, आणि तरी पटलं नाही तर कारण विचार — शहाणे डॉक्टर आभार मानतात, बाकीचे चिडतात. चिडलेल्या डॉक्टरांना सकाळी चहा पाजता येतो.

पाऊस, काजू आणि दर्या

२७. लावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्याच्या पोटऱ्या दाबून बघ, डोळे लाल आहेत का बघ, आणि लघवी मोजायला सुरुवात कर — लेप्टो चिखलातून येतो आणि मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं धरतो. डॉक्सिसायक्लिनची गोळी देताना पेलाभर पाणी प्यायला लाव आणि लगेच आडवं होऊ देऊ नकोस, नाहीतर अन्ननलिका जळते.

२८. काजूच्या हंगामात दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडून ताप आला तर 'रानात गेला होता का, माकडं मेलेली दिसली का, गोचीड चावली का' हे विचार — माकडतापाची साथ २०१६ पासून आपल्या जिल्ह्याने पाहिलीय. न विचारलं तर पेशंट आपणहून सांगत नाही. त्याच्या लेखी गोचीड हे दुखणंच नव्हे.

२९. 'एक इंजेक्शन मारा, ताप उतरू दे' असा आग्रह झाला तरी निदान होईपर्यंत डायक्लोफेनॅकला हात लावू नकोस, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल — डेंग्यू असो की माकडताप, रक्त वाहायची भीती असलेल्या तापात ते इंजेक्शन महागात पडतं.

३०. फुरसं चावलं असेल तर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घे, २० मिनिटं हलवू नकोस, मग एकदाच तिरपी कर — रक्त पाण्यागत वाहिलं तर विष भिनलंय. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर ती खोटी साक्ष देते. सर्पविषावरची लस सुरू करताना अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेव.

३१. जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटात कळ, घसा धरलाय, पापण्या जड झाल्यात असं सांगत आला तर मण्यार मनात आण — तिचा दंश धड दुखत नाही, खूणही सापडत नाही. एका दमात त्याला आकडे म्हणायला सांग आणि थोड्या थोड्या वेळाने परत म्हणायला लाव. आकडे कमी व्हायला लागले तर श्वास बंद पडायच्या वाटेवर आहे.

३२. विंचू चावलेलं पोर घामाने चिंब आणि हातपाय गार, तर ते नुसतं दुखणं नाही, हृदयावर भार आहे — महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. २०२२ साली ते पद्मश्री झाले. आपल्या वाट्याचं काम म्हणजे गोळीनंतर पोराला आडवंच ठेवायचं, कडेवर घेऊ द्यायचं नाही, कारण बीपी एकदम खाली येतं.

३३. पाकटाचा नाहीतर शिंगाळ्याचा काटा लागलेला पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेव, पण आधी तुझा हात आणि त्याचा दुसरा पाय घालून बघ — उष्णतेने दुखणं उतरतं खरं, पण डायबेटिसने बधिर झालेला पाय भाजला तरी बोलत नाही. काट्याचा तुकडा आत राहिलाय का तेही बघायला सांग.

३४. तारकर्लीला बुडता बुडता वाचलेला पर्यटक 'आता बरा आहे' म्हणून निघाला तरी त्याला काही तास ठेवून घे — पाणी गेलेल्या फुप्फुसाचा त्रास कधीकधी उशिरा सुरू होतो. त्याची गाडी चुकली तर चुकू दे.

३५. बीपीवाल्याला 'मीठ कमी करा' एवढं सांगून भागत नाही. सुके बांगडे, खारं, लोणचं, पापड अशी नावं घेऊन सांग — आमटीत मीठ कमी आणि पानात खारवलेला बांगडा, असं पथ्य आपल्याकडे प्रामाणिकपणे पाळलं जातं. मूत्रपिंडाच्या पेशंटसाठी प्रेमाने आणलेलं शहाळंही डॉक्टरांना विचारूनच फोड. त्यात पोटॅशियम भरपूर.

बाळंतीण

३६. बाळंतपणानंतर पहिले दोन तास पॅडवर विश्वास ठेवू नकोस, पाठीखाली हात घालून बघ आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे का चाचप — रक्त पॅडवर थोडं दिसतं आणि कमरेखाली साचत राहतं. 'पहिला घाम पकडला तर शेवटचा घाम पुसावा लागत नाही.'

३७. मॅगसल्फच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा झटका बघ, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना बघ, लघवी तासाला ३० मिलिलिटर आहे का बघ, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये ठेव — आकडी थांबवणारं हे औषध जास्त झालं तर श्वासही थांबवतं.

हात आणि पाठ

३८. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धू, ग्लोव्हज घातले असले तरी — १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइसने हात धुवायला लावले तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, आणि तरीही लोक त्याच्यावर चिडले. 'हात धुतला त्यानेच हात दिला.'

३९. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळव आणि माकडहाड, टाचा, कोपरं डोळ्यांनी बघ — केईएमच्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबागला १९७३ पासून २०१५ पर्यंत असंच जपलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांचं मनापासून कौतुक केलं. त्यात जादू कसली नव्हती. पाळीपाळीने वळवणं होतं.

४०. सुईला परत टोपण घालू नकोस, थेट कटरमध्ये घाल. आणि टोचलीच तर धुऊन लगेच सांग — एचआयव्हीविरोधी औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. लाजेपायी तास घालवू नकोस.

४१. देवाचा अंगारा उशाखाली ठेवू दे, गाऱ्हाणंही घालू दे. ऑक्सिजन चालू असताना उदबत्ती मात्र नको — श्रद्धेला जागा द्यायची, ठिणगीला नाही. हे हसत सांगितलंस तर ऐकतात, दटावून सांगितलंस तर पाठ वळली की पेटवतात.

पाठवताना आणि लिहिताना

४२. रेफर करायचं तर दिवस असताना आणि पेशंट बोलत असताना कर, १०८ ला फोन करतानाच पुढच्या रुग्णालयालाही कळव — वाटेतल्या वेळेचा हिशेब तू धरायचास, आजार तो धरत नाही.

४३. गाडीत चढवण्याआधी सुई घट्ट चिकटवलीय का, सिलिंडर वाटेला पुरेल का आणि चिठ्ठीत कुठलं औषध किती वाजता दिलं ते लिहिलंय का, बघ — खड्ड्यात सुई निघते, वळणावर सिलिंडर संपतो, आणि बांबोळीच्या सिस्टरला तुझ्या मनातलं वाचता येत नाही.

४४. केलं की लगेच लिही, वेळ घालून. करण्याआधी लिहू नकोस — 'लिहिलं ते उरलं, राहिलं ते विरलं.' रात्रीचे सगळे बीपी सकाळी सहाला एका शाईने लिहिलेले असले की इन्चार्जला न सांगता कळतं.

४५. थोडक्यात टळलेली चूकही वहीत टाक, कुणाचं नाव न घेता — आज तू ज्यातून वाचलीस त्या खड्ड्यात उद्या नवी पोर पडेल. आणि सांगायला आलेल्या पोरीवर ओरडू नकोस. एकदा ओरडलीस की पुढच्या चुका तुझ्यापर्यंत पोचायच्याच नाहीत.

४६. वॉर्डातल्या मावशी 'सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या आजींनी पेज तशीच ठेवलीय' म्हणाल्या तर उठून जा — लादी पुसताना त्या प्रत्येक खाटेखाली आणि प्रत्येक ताटात बघतात. तेवढं आपण बघत नाही.

४७. नाईटला जाताना पोटात काहीतरी घाल, पहाटे तीन ते पाच औषध काढताना दुसरीला आकडा वाचून दाखव — त्या वेळी डोळे उघडे असतात आणि डोकं निजलेलं असतं.

एवढ्या सगळ्या गोष्टी एका दिवसात अंगी बाणायच्या नाहीत, आणि बाणल्या असं म्हणालीस तर मला काळजीच वाटेल. पहिल्या महिन्यात तीन धर: श्वास पूर्ण मिनिट मोज, नाव त्यांच्या तोंडून घे, आणि मनात शंका आली की ती तोंडावाटे बाहेर काढ. खोटी निघाली तर लोक घटकाभर हसतील, हसू दे. खरी निघाली तर कुणाचा तरी माणूस वेळेत ओरोसला पोचेल.